मागच्या फळीवर

निलगिरी तेलाला मी कधी औषध मानलंच नव्हतं. देवणीत माझं मेडिकल आहे. गोळ्या रॅकवर, इन्सुलिन फ्रिजमध्ये, झोपेच्या गोळ्या कुलपात आणि निलगिरी गल्ल्याशेजारी, बाम, कापूर आणि खोकल्याच्या चघळायच्या गोळ्यांच्या पंगतीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणी अँटिबायोटिक मागितलं तर मी देत नाही. त्यावरून दुकानात आवाज चढलेत, गिऱ्हाईकं तुटलीत. पण निलगिरीची बाटली मी मान वर न करता देत असे. शाळकरी पोरगं नोट घेऊन आलं तरी त्याच्या हातात ठेवत असे. आता ती बाटली मागच्या फळीवर आहे, आणि मागणाऱ्याला आधी माझे दोन प्रश्न ऐकावे लागतात.

माझा विश्वास कुठून आला होता ते सांगते. आमच्या शाळेच्या कुंपणाला निलगिरीची रांग होती. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला, त्यानंतरच्या लागवडीतली ती झाडं. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, त्यामुळे आमच्या पिढीला सरळसोट उंच झाड म्हणजे निलगिरी एवढंच ठाऊक. अंग कसकसलं की आजी त्याचा पाला आंघोळीच्या पाण्यात उकळायची. घरभर तो वास. बरं वाटायचं. पुढं डी. फार्म.ला वर्गात हे तेल अर्ध्या तासात उरकलं, परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही, आणि आजीचा पाला व दुकानातली बाटली माझ्या डोक्यात एकच राहिली. (ही झाडं पाणी किती पितात हा वाद आमच्याकडे जुना आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा बांधावरच्या निलगिरीला लोकांनी यथेच्छ शिव्या दिल्या. तो विषय इथं काढत नाही, तेलाचंच सांगायचं आहे.)

२०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. खोकल्याचं सिरप पिऊन लेकरं दगावली, मूत्रपिंडं निकामी झाली, कितीतरी जणांना नागपूरच्या दवाखान्यांत आणलं होतं. त्या सिरपमध्ये ४८ टक्क्यांहून जास्त डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. खपवून घ्यायची मर्यादा ०.१ टक्का. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्याच आठवड्यात कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊच नयेत. मला त्यात नवल वाटलं नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्यांना नको, हा औषध नियंत्रकांचा आदेश २०२३ च्या डिसेंबरातच आला होता. मुलांची सर्दी आपली आपण जाते, सिरप हे बहुतेक वेळा आईबापांच्या समाधानासाठी असतं, हे माझं मत आधीपासूनचं.

त्या दिवसांत गिऱ्हाईकच सिरप नको म्हणू लागलं. "काही घरगुती द्या मॅडम, निलगिरी द्या." मला बरं वाटलं. लोक शहाणे होताहेत असं वाटलं. मग एक दिवस लिंबाएवढी जावळं बांधलेलं, अजून रांगणारं लेकरू कडेवर घेऊन एक मुलगी आली. "नाक लई गळलालंय ह्याचं. निलगिरी द्या. ह्याचे किती थेंब पाजू?"

पाजायचं नाही गं, मी म्हटलं.

"मग कुठं लावू? किती लावू?"

पॅरासिटामॉल असतं तर लेकराचं वजन विचारून मी एमएल तोंडावर सांगितले असते. किलोमागे १५ मिलिग्रॅम, हिशेब पाठ आहे. निलगिरीचा असा कुठलाच हिशेब माझ्याकडे नव्हता. गल्ल्याशेजारी ठेवलेल्या, सगळ्यांत निर्धोक समजलेल्या वस्तूची मात्रा मला माहीत नव्हती. मी तिला बाटली दिली नाही. सलाइनचे नाकात सोडायचे थेंब दिले, दूध पाजायच्या आधी घालायला सांगितले. ती जरा नाराजच होऊन गेली, कारण मिठाच्या पाण्याला कुणी औषध म्हणत नाही. रात्री मी कपाटातून जुनी पुस्तकं काढली.

पहिला हिशेब पाल्याचा निघाला. निलगिरीच्या ओल्या पानांत तेल असतं साधारण एक ते तीन टक्के, तेही जातीप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे ३० मिलिलिटरची लहानशी बाटली भरायला दीड-दोन किलो पाला ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत घालावा लागतो, आणि पानात तेल कमी असेल तर तीन किलोही. आजी बादलीत टाकायची तो मूठभर पाला. त्यातलं थोडंसंच तेल पाण्यात उतरायचं, त्यातलं अर्धं उडून जायचं, उरलेलं अंगावरून मोरीत. आजीच्या त्या आंघोळीच्या भरवशावर मी लोकांना दोन-दोन किलो पाल्याचा अर्क, साध्या फिरकीच्या झाकणाखाली, कुठलीही सूचना न देता देत होते. झाड तेच, पण मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक. औषधशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात ते हेच, आणि मी ते इतर सगळ्या बाटल्यांना लावत होते.

तेलाचा मुख्य भाग सिनिओल, त्यालाच युकॅलिप्टॉल म्हणतात. क्लोएझ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८७० मध्ये ते नाव रूढ केलं. ब्रिटिश फार्माकोपियाच्या तेलात ते किमान ७० टक्के असावं लागतं. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, आपल्या निलगिरी डोंगरांत ते इंग्रजांनी १८४३ च्या सुमारास लावलं. त्याच्या तेलाचा धंदा उभा केला जोसेफ बोसिस्टो यानं, मेलबर्नजवळ, १८५२ पासून. हा बोसिस्टो पेशानं औषधविक्याच होता, हे वाचून मला उगीचच जवळीक वाटली.

ऑस्ट्रेलियात हे तेल घरोघरी, त्यामुळे ते पोटात गेल्याच्या नोंदीही तिथल्याच जास्त. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलात १९८१ ते १९९२ या बारा वर्षांत निलगिरी तेल प्यायलेली १०९ मुलं दाखल झाली. त्यांतल्या ३१ जणांच्या शुद्धीवर परिणाम झाला होता, बहुतेकांना गुंगी होती. तिघं पाच ते दहा मिलिलिटरमध्ये बेशुद्ध झाली होती. पाच मिलिलिटर म्हणजे सिरपच्या टोपणातला एक चमचा. बऱ्याच मुलांनी वाफेच्या यंत्रात घालायचं द्रावणच तोंडाला लावलं होतं, म्हणजे ते घरात आणलं होतं मुलांच्याच सर्दीसाठी.

हे वाचून मी घाबरले आणि सगळ्या बाटल्या परत पाठवायला निघाले होते. मग क्वीन्सलंडचा १९९३ चा अहवाल वाचनात आला. तिथं अशीच ४१ मुलं पाहिली, आणि त्यांतल्या ३३ जणांना काहीही झालं नव्हतं. काहींनी तर ३० मिलिलिटरच्या वर प्यायल्याचं घरच्यांनी सांगितलं होतं. दोन्ही अहवाल खरे. एकाला एका चमच्यात भूल चढते, दुसऱ्याला अर्धी बाटली पचते, आणि आपल्या घरातलं लेकरू यांपैकी कुठलं हे आधी कळायला मार्ग नाही. कुणी मला "आमच्या पोरानं चाटलं होतं, काही झालं नाही" असं सांगतं तेव्हा मी आता वाद घालत नाही. झालं नसेलच.

पोटात गेलंच तर काय करायचं, तेही सांगून टाकते. आमच्याकडे पहिली धाव मिठाच्या पाण्याकडे असते, बोटं घालून उलटी काढायची. ते करू नये. तेल पातळ आणि उडणारं, उलटीबरोबर फुप्फुसात उतरलं तर तिथं सूज येते. बाटली हातात घ्यायची, १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढायची. गुंगी आली तर ती बहुधा लवकर येते, अर्ध्या तासाच्या आतसुद्धा, म्हणून झोपला आहे तर झोपू द्या असं म्हणायचं नाही.

मोठ्यांच्या बाबतीत मी निर्धास्त होते. पण बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एक निबंध छापला आहे, निलगिरीचं तेल हुंगल्यानं किंवा त्याची वाफ घेतल्यानं फिट आलेल्या रुग्णांवर. आधी कधी फिट न आलेली माणसंही त्यांत होती. हे सररास होतं असं कुणी म्हणत नाही, पण फिटच्या गोळ्या नेणारी माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि सर्दीच्या दिवसांत त्याच पिशवीत मी निलगिरीची बाटलीही टाकत आले होते. कापराचंही तसंच. लहानग्याच्या पाळण्याला ओवा-कापराची पुरचुंडी बांधायची आमच्याकडे रीत आहे. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात जाऊन लहान मुलाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पुरचुंडी सुटली की वडी हातात, आणि हातातलं तोंडात.

इथवरचं मला भीतीनं पटलं असतं. खरा धक्का दिला तो नाकाच्या अभ्यासानं.

 वेल्समधल्या कार्डिफच्या एक्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ लोकांना हुंगायला दिली, आणि नाकातून हवा जाताना किती अडथळा होतो ते यंत्रावर मोजलं. अडथळा जेवढा होता तेवढाच राहिला. लोक मात्र म्हणत होते, नाक मोकळं झालं. म्हणजे नाक मोकळं होत नाही, मोकळं झाल्यासारखं वाटतं. नाकात थंडावा ओळखणारे चेतातंतू असतात, आत येणाऱ्या गार हवेनं ते जागे होतात. सिनिओल आणि मेंथॉल त्यांनाच थेट जागं करतात. मेंदूला वाटतं हवा आली.

मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला, रुमालावर दोन थेंब टाकून, आरशासमोर, एक नाकपुडी दाबून. वाटतं खरंच. यंत्र काय म्हणतं हे माहीत असूनही वाटतं. आणि मला त्यात फसवणूक दिसत नाही. सर्दीत चार दिवस काढायचे असतात, डोकं भणभणत असतं, रात्री झोप लागावी एवढीच अपेक्षा असते. मोठ्या माणसाला त्या वाटण्याचा उपयोग आहे. पण नऊ महिन्यांच्या लेकराला काय उपयोग? त्याचं नाक शेंबडानं भरलंय ते भरलेलंच राहणार. वर इतका उग्र वास नाकाशी आला तर तान्ह्या मुलाचा श्वास आवळला जाऊ शकतो, घशाचं दार प्रतिक्षिप्तपणे मिटतं. परदेशांत अशा बामवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं छापलेलं असतं ते त्यासाठी. लेकराच्या उशाशी निलगिरीचा रुमाल ठेवला की खोलीत वास येतो आणि मोठ्यांना वाटतं आपण काहीतरी केलं. माझ्या दुकानातून बाटली जात होती ती बहुतेक या समाधानापोटी, म्हणजे ज्या कारणासाठी मी सिरपला नावं ठेवत होते त्याच कारणासाठी.

वाफाऱ्याचं दुःख वेगळं. करोनाच्या दोन वर्षांत देवणीत वाफेची यंत्रं मिळेनाशी झाली होती, लोक पातेल्यावर वाकळ पांघरून बसत. चंडीगढच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. मीनू सिंग आणि सहकाऱ्यांनी सर्दीत गरम दमट हवेचा काय फायदा होतो याचे जगभरातले प्रयोग एकत्र तपासले. २०१७ च्या त्यांच्या आढाव्यात ठोस फायदा दिसला नाही. तोटा मात्र कुठल्याही भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात दिसतो. पातेलं कलंडतं, पाणी मांडीवर येतं. त्यात निलगिरी घातली तर आणखी एक गोष्ट होते, जी पूर्वी माझ्या लक्षात आली नव्हती. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि उकळत्या पाण्यावर पडलं की पहिल्याच झोताला सगळं वर येतं. डोळे झोंबतात ते त्यामुळे. झोंबलं म्हणजे लागू पडलं, हा आमचा जुना निकष. चुलीजवळ किंवा गॅसशेजारी तर बाटली उघडूच नये. ५० अंशांच्या जवळपास या तेलाची वाफ पेट घेऊ शकते, आणि आमच्या उन्हाळ्यात बंद गाडीतलं तापमान तिथवर सहज जातं.

एवढं लिहिल्यावर मी निलगिरीच्या विरोधात गेले असं वाटेल. तसं नाही. उलट तिच्याबद्दल माझा आदर वाढला. जर्मनीत बॉनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असलेल्या ३२ दमेकऱ्यांना शुद्ध सिनिओलच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीनदा दिल्या. सिनिओल घेणाऱ्यांची स्टेरॉइडची मात्रा सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आली, नुसत्या दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांची ७ टक्क्यांनी. प्रयोग लहान आहे. पण यात काहीतरी आहे, सूज उतरवणारं काहीतरी. फक्त ते मोजलेल्या, आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. माझ्या बाटलीतून साखरेवर चार थेंब टाकून खाणाऱ्या दमेकऱ्याला ते मिळत नाही. त्याला उग्र वासानं ढास लागण्याचीच शक्यता जास्त. गुण आहे म्हणूनच अपाय आहे. गल्ल्याशेजारी ठेवायची वस्तू ती नाही, एवढंच माझं म्हणणं बदललंय.

आणि घरात तिचे दुसरे उपयोग आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. बरणीवरचं चिकट लेबल, कपड्याला लागलेलं च्युइंगगम, हाताला लागलेलं डांबर, सगळं याच्या दोन थेंबांनी सुटतं. दातांचे डॉक्टर जुनं रूट कॅनाल उकरताना आतलं गटापर्चाचं भरण मऊ करायला हेच तेल वापरतात. जे तेल डांबर सोडवतं ते मी तान्ह्याच्या छातीला निखळ लावायला देत होते, हे लिहिताना हात थबकतो.

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत आणखी एक पीक येतं. शाळांच्या सहली आणि नवी लग्नं उटीला जाऊन येतात, आणि येताना प्रत्येकजण निलगिरीच्या बाटल्या आणतो. हातभर पिशवीत दहा-दहा. त्यांतल्या कितीतरी बाटल्यांवर ना बॅच, ना तारीख, ना सिनिओल किती ते. कुणी मला हुंगायला देतं, "असली आहे का बघा." वासावरून असली ओळखता येत नाही, मलाही नाही. काहींना लिंबासारखा वास येतो, ती लिंबी निलगिरी. तिच्यात सिनिओल नव्हे, सिट्रोनेलाल मुख्य. डास पळवायला तिचं नाव आहे, पण अमेरिकेत ज्याची शिफारस होते तो तिच्यापासून प्रक्रिया करून काढलेला पीएमडीचा अर्क, आणि तोही तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये अशी सूचना असलेला. बाटलीतलं साधं तेल म्हणजे तो अर्क नाही.

आमच्या गावाच्या नावाची गाय देशभर प्रसिद्ध आहे. वानेरा, बालंक्या, शेवेरा असे तिचे प्रकार ज्यांच्या गोठ्यात आहेत ते लोक जनावराला काही झालं तर माणसापेक्षा लवकर दुकान गाठतात. खांद्याला जू लागून झालेली जखम, माश्या, किडे पडणं, सगळ्याला "एखादं उग्र तेल द्या." निलगिरी उघड्या जखमेवर ओतली की जनावर थयथयाट करतं आणि मालकाला वाटतं किडे मरताहेत. त्यांना मी आता सरळ जनावरांच्या दवाखान्यात पाठवते. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं त्यासाठी वेगळी औषधं आहेत. हे लोक माझं लवकर ऐकतात. स्वतःच्या लेकराबद्दल ऐकायला वेळ लागतो, खोंडाबद्दल लागत नाही. यावर मी हसते, पण खोंड किती किमतीचं असतं हेही मला माहीत आहे.

माझे दोन प्रश्न असे. घरात लहान लेकरू आहे का? आणि घरात कुणाला फिट येते का? पहिल्याचं उत्तर हो आलं तर बाटली उंच फळीवर ठेवायला सांगते. औषधाच्या डब्यात नको, देव्हाऱ्यात तर नकोच, तिथं कापरासोबत तीर्थाची पळीही असते. दुसऱ्याचं उत्तर हो आलं तर देत नाही. किराण्यात कुणी काही विचारत नाही, हे मला माहीत आहे. माझ्याकडे नाही मिळाली तर माणूस चार दुकानं पुढं जाऊन घेतो. विक्री थोडी घटली, त्याचं काही नाही. पण ज्यानं पुढं जाऊन घेतली त्याला निदान कुणीतरी विचारलं होतं, असं मी स्वतःला सांगते. ते पुरेसं आहे की नाही याची मला खात्री नाही.

परवा वलांडीकडचे एक आजोबा आले. गुडघे धरलेले, निलगिरी हवी होती. मी प्रश्न विचारले तसे वैतागले. "बाई, तुम्ही इकायला बसलाव का शिकवायला?" घरात नातू आहे, दोन वर्षांचा, हे त्यांच्या तोंडून काढायला मला बराच वेळ लागला. मग गुडघ्याचं बोलणं झालं. ते निखळ तेल चोळत होते आणि कातडी लाल होऊन सोललेली होती. घरात करडईचं तेल आहे का विचारलं, तर आमच्या भागात तो प्रश्नच नव्हे. बाटली घेऊन निघताना ते परत फिरले. "ते प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्या. सून वाचती."

लिहून दिलं. एक चमचा करडईचं तेल, त्यात निलगिरीचे तीन थेंब. आधी मनगटावर लावून एक दिवस बघणे. सोललेल्या जागी नाही. चोळून झाल्यावर हात साबणानं धुणे, मगच नातवाला उचलणे.